जगाची शेजपाळी

उस्मानपुऱ्यात कुठल्याही घरगुती कार्यक्रमाची तारीख काढायला दोन पंचांगं लागतात. एक भिंतीवरचं, त्यात एकादशी आणि चतुर्थी असते. दुसरं गल्लीतल्या बायकांच्या डोक्यातलं, त्यात नळाचा दिवस असतो. पहिल्यात काही चुकलं तर त्याला प्रायश्चित्त आहे. नळाच्या दिवशी बारसं ठेवलं, तर मात्र पाळण्यापाशी बाळ, आत्या आणि फोटोग्राफर एवढेच उरतात. बाकीचं गणगोत गच्चीवर टाकीत डोकावत उभं असतं. पाच-सहा दिवसांनी, कधी आठवड्यानं पाणी येणाऱ्या शहरात हे असंच चालायचं. नाही तरी पाण्याचा हिशेब न मांडता माणसं आणून बसवायची परंपरा या मुलखात 1327 पासूनची आहे. त्या सुमाराला महंमद बिन तुघलकानं दिल्लीची मंडळी शेजारच्या दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी परत नेली. परत नेण्याच्या कारणांत पाणीटंचाईही सांगितली जाते. पुढच्या राज्यकर्त्यांनी या धोरणात एकच दुरुस्ती केली. माणसं परत नेणं बंद केलं.

त्यामुळं आमच्या गल्लीतल्या कलाकार जोडप्याचं आमंत्रण आलं, तेव्हा त्यातली शेवटची ओळ सगळ्यांनी आधी वाचली. खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या हातानं कागद करतात. त्या जाड, दाणेदार कागदावर सरांनी बोरूनं लिहिलं होतं: ‘जगाची साधनसंपत्ती सर्वांना पुरेल का? चला, खेळून पाहू. सहकारी खेळ. रविवार, सकाळी दहा. नळ नाही.’

सर तैलरंगात काम करतात, मॅडम कापडात. ते भिंती रंगवून देत नाहीत आणि या ब्लाउज शिवून देत नाहीत हे कळल्यावर गल्लीचा दोघांमधला रस निम्म्यावर आला होता. उरलेला निम्मा त्यांच्याकडच्या चहामुळं टिकून होता. आमंत्रण हातोहात फिरलं. सहकारी खेळ म्हटल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी चेअरमन कोण ते विचारलं. भिशीवाल्या वहिनींना महिला राखीव किती जागा आहेत ते हवं होतं. एकानं पॅनल टाकायची तयारीही दाखवली.

हा खेळ मूळचा बकमिन्स्टर फुलर यांचा. अमेरिकेतले हे गृहस्थ घरं रचायचे, यंत्रं जुळवायचे, गणित मांडायचे, कविताही करायचे. हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना एकदा सोडून दोनदा काढून टाकलं होतं. तिकोनी चौकटी जोडून उभे राहणारे घुमट त्यांनी जगभर पोचवले. 1969 साली दिल्लीत येऊन त्यांनी नेहरू स्मृती व्याख्यानही दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सेनापती नकाशे पसरून लढाईचे डाव खेळतात, मग सगळ्या माणसांची पोटं भरायचा डाव का खेळू नये? कुठं किती पाणी, किती धान्य, किती ऊर्जा, ते मांडा आणि कुणाचंही न हिसकावता सगळ्यांना पुरवून दाखवा. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना जमवून त्यांनी याची कार्यशाळा घेतली. पुढं त्यांच्या अनुयायांनी बास्केटबॉलच्या मैदानाएवढा नकाशा करून शाळा-महाविद्यालयांतून हा खेळ खेळवला.

आमच्याकडं मैदान नव्हतं, सरांचा हॉल होता. आणि नकाशा म्हणून मॅडमनी चार महिने खपून शिवलेली गोधडी होती. समुद्र जुन्या नऊवारींचे होते. सहारा हिमरूच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा होता. हिमरू विणणारे आता शहरात बोटांवर मोजण्याइतकेच राहिलेत, त्यामुळं वाळवंटाला तोच मान, असं मॅडम म्हणाल्या. फुलरांनी पृथ्वीचे वीस तिकोन करून एक नकाशा केला होता. त्यात वर-खाली, उत्तर-दक्षिण काही नसतं. मॅडमनी तोच उचलला होता. वहिनींनी गोधडीचा काठ उलटून टाके तपासले आणि म्हणाल्या, “हात चांगलाय तुमचा. पण जग तिरकं बसलंय.”

“तिरकं नाही, वहिनी. खरं आहे. शाळेतल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे.”

“म्हणजे शाळेनं आपल्याला इतकी वर्षं मापात फसवलं?” तळमजल्याच्या काकांना हे फार लागलं. त्यांचं किराण्याचं दुकान होतं.

माणसं वीस जमली होती, म्हणजे एकेकाच्या अंगावर जगातली चाळीस कोटी माणसं. लोकसंख्येच्या हिशेबानं आशियात बारा जण बसले, आफ्रिकेत चार, युरोपात दोन, उत्तर अमेरिकेत एक आणि दक्षिण अमेरिकेत एक. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला माणसाचा दहावा हिस्सा येत होता. तो कुठून आणायचा यावर थोडी चर्चा झाली आणि वहिनींचा दोन वर्षांचा नातू तिथं बसवला. भारताला साडेतीन माणसं आली. मोठ्या कष्टानं मांडी घालून बसलेल्या चौथ्या माणसाचा एक गुडघा बांगलादेशात गेला आणि तिथून काही तो परत आला नाही. उत्तर अमेरिका आमच्या टँकरवाल्या शेठना मिळाली. त्यांनी गोधडीवर आडवं होऊन, उशाला लोड घेऊन, अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत पाय ताणले. जगातली विषमता यापेक्षा स्वच्छ मला कुठल्याही अहवालात दिसलेली नाही.

मला कझाकस्तानपासून येमेनपर्यंतचा पट्टा मिळाला. ऐसपैस जागा, खाली तेल, पाणी मात्र नावाला.

साधनसंपत्ती म्हणून सरांनी भाजक्या मातीच्या चकत्या केल्या होत्या. निळी चकती पाण्याची, पिवळी धान्याची, लाल ऊर्जेची. वाटप जगात आहे तसंच. लाल शंभर चकत्यांपैकी सतरा-अठरा एकट्या शेठकडं गेल्या. आफ्रिकेच्या चौघांत मिळून तीन-चारच आल्या, सरपण हिशेबात धरलं नाही म्हणून. जगातल्या नद्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा पाचवा हिस्सा एकटी ॲमेझॉन वाहून नेते, त्यामुळं दक्षिण अमेरिकेसमोर निळा ढीग लागला. भारताकडं माणसं जगाच्या अठरा टक्के आणि गोडं पाणी चार टक्के. हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक जलपरिषदेत उद्‌घाटनाच्या नारळाबरोबर फुटतं, पण मांडीवर चार चकत्या घेऊन साडेतीन माणसं बसलेली बघितली की जास्त कळतं.

एक मोठी अडचण आधीच कळायला हवी होती, कारण सर कलावंत आहेत. चकत्या फार सुंदर झाल्या होत्या. प्रत्येकीवर वेगळी नक्षी, कुठं वेरूळची वेल, कुठं बीबी-का-मकबऱ्याची जाळी. आठव्या मिनिटाला भारताच्या चौथ्या हिश्शाएवढं पाणी एका मावशींच्या पर्समध्ये गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. “कोस्टर म्हणून छान दिसतील,” त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या. संपत्ती पुरवून वापरायची असेल तर ती दिसायला जरा ओबडधोबड असावी, हा मुद्दा फुलरांकडूनही सुटलेला दिसतो.

सरांनी नियम सांगितला. प्रत्येक फेरी म्हणजे दहा वर्षं. पाच फेऱ्यांनंतर प्रत्येकाकडं किमान ठरलेल्या चकत्या असल्या तर सगळे जिंकले. एकाकडं जरी कमी पडल्या तरी सगळे हरले.

“आणि बक्षीस?” शेठनी आडव्यानंच विचारलं.

“बक्षीस नाही.”

“मग कोण कोणाला हरवणार?”

“कुणीच नाही, शेठ.”

शेठनी सरांकडं काळजीनं पाहिलं. आपल्या सगळ्यांचंच वळण ‘व्यापार’ खेळून झालेलं आहे. मे महिन्याच्या दुपारी मामाच्या घरी सख्ख्या भावाला घरभाड्यात बुडवून त्याची मुंबई, दिल्ली गहाण टाकून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच्याच ताटातला आंबा खायचा, हे आपलं अर्थशिक्षण. त्या खेळाची आजी म्हणजे लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी 1904 साली पेटंट घेतलेला जमीनदाराचा खेळ. गंमत अशी की बाईंनी नियम दोन प्रकारचे केले होते. एका प्रकारात एकजण सगळं गिळतो, दुसऱ्यात कुणाचीही भरभराट झाली की सगळ्यांच्या पदरात काही पडतं. पहिला किती वाईट ते कळावं म्हणून दुसरा. जगानं पहिला उचलला, दुसरा खोक्यातच राहू दिला, आणि 1935 साली मोनोपॉलीच्या नावानं त्यावर एका कंपनीनं अमाप पैसा केला. बाईंना पेटंटपोटी पाचशे डॉलर मिळाले. खेळातला धडा लेखकालाच इतक्या नेमकेपणानं मिळाल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

पहिली फेरी मोठ्या सौजन्यात पार पडली. सगळ्यांनी दुसऱ्याचं दिलं. युरोपात बसलेले सीए आणि निवृत्त बँक मॅनेजर यांनी अरबांचं तेल आफ्रिकेला द्यावं असा ठराव मांडला. आफ्रिकेनं कॅनडाचे गहू भारताला दिले. भारताच्या साडेतीन माणसांनी रशियाचा वायू एकमतानं सगळ्या जगाला वाटला. आपलं कुणाचंच काही जात नव्हतं, त्यामुळं हॉलमध्ये विश्वबंधुत्व दाटून आलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. नळ नसलेल्या दिवशी ते विशेषच.

दुसऱ्या फेरीपासून आपापल्या ढिगातून द्यायचं होतं.

युरोपनं आफ्रिकेला लाल चकत्या द्यायचं कबूल केलं, साडेनऊ टक्क्यांनी, दोन जामीनदारांसह. शेठचं धोरण जास्त सरळ होतं. “मी कुणाचं काही घेत नाही. ज्याला पायजे त्यानं फोन करायचा.” त्यांनी तेवढ्यात दक्षिण अमेरिकेकडून निळ्या चकत्या घाऊक भावात उचलल्या होत्या आणि आशियाला किरकोळीनं विकायला काढल्या होत्या. हे खेळाच्या नियमात बसत नाही असं सरांनी सांगितल्यावर ते म्हणाले, “सर, तुमच्या नियमात बसत नसंल. धंद्यात बसतं.”

आशियात मात्र वेगळाच प्रकार चालला होता. वहिनींनी बारा जणांना गोल बसवलं आणि भिशी लावली. प्रत्येक फेरीला सगळ्यांनी दोन-दोन चकत्या मधे टाकायच्या, ज्याची निकड मोठी त्यानं उचलायच्या, उचललेल्यानं पुढच्या फेऱ्यांत भरत राहायचं. कुणी बुडवलं तर? “बुडवून जाईल कुठं? इथंच राहतो ना.” 1968 साली गॅरेट हार्डिन नावाच्या शास्त्रज्ञानं लिहिलं होतं, की सामायिक कुरण असलं की जो तो आपली एकेक गाय वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढची कित्येक वर्षं गावोगावची मासेमारी, जंगलं, पाटपाण्याच्या मंडळ्या तपासून दाखवलं, की माणसं एकमेकांना ओळखत असतील, नियम त्यांनीच केलेले असतील आणि एकमेकांवर डोळा ठेवता येत असेल, तर कुरण टिकतं. त्यासाठी 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या बाई. वहिनींनी दोघांचंही काही वाचलेलं नाही. पण कुणाच्या घरी कुणाची वॉशिंग मशीन कुठल्या भिशीतून आली हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि ऑस्ट्रॉमबाईंच्या सिद्धांताचा गाभा जवळपास तोच आहे.

तिसऱ्या फेरीत आशियाचं पाणी संपलं. भिशीत उचलायला काही उरलं नाही. सगळ्यांच्या नजरा दक्षिण अमेरिकेकडं वळल्या.

दक्षिण अमेरिका म्हणजे मॅडमचे मामेभाऊ. रविवारचे सहज आले होते, राहुरीहून. पंधरा एकर ऊस. आता राहुरीच्या माणसाला पाण्यानं भरलेला खंड द्यायचा आणि त्याच्यासमोर मराठवाड्यातले बारा जण आशिया म्हणून बसवायचे, हा योगायोग होता की सरांची कलात्मक खोडी, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

“भाऊ, सोडा थोडं,” वहिनी गोडीनं म्हणाल्या.

“सोडलं असतं वहिनी. पण पाऊस आमच्याकडं पडला, नदी आमच्याकडनं निघाली. खाली गेलेलं पाणी तुमचं, हे मान्य. पण अजून खाली गेलंय कुठं?”

झालं. पुढची वीस मिनिटं गोधडीवरचं जग कुणाला दिसलंच नाही. भारताच्या मांडीवरून जलसंपदा खात्यातले निवृत्त इंजिनिअर साहेब उठले आणि बोलू लागले. पैठणला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा पाया 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी घातला, 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, सत्तावीस दरवाजे, एकशेदोन टीएमसी, आणि वर तुम्ही नाशिक-नगरला एकापाठोपाठ एक धरणं भरून घेता. इथं उन्हाळ्यात पाणी जोत्याखाली जातं, आणि मृतसाठ्यातून उपसा करायला आपत्कालीन पंप लावावे लागतात! भाऊंनीही काही सोडलं नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं साखर कारखाना उभा केला, तेव्हा तुमचं धरण कागदावर तरी होतं का? इंजिनिअर साहेबांनी मग कायदाच काढला. 2005 चा, समन्यायी वाटपाचा. 2013 ची मेंढेगिरी समिती. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्यांनी सोडायचं. 2023 साली साडेआठ टीएमसीचा आदेश निघाला होता की नाही?

“निघाला. आणि आम्ही कोर्टात गेलो होतो की नाही?”

“आणि आम्ही रस्त्यावर बसलो होतो की नाही?”

दोघंही एकदम समाधानानं थांबले. टंचाईच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यात आणि नगर-नाशकात हा खेळ मोठ्या पटावर खेळला जातो, त्यातल्या दोन्ही बाजूंचे संवाद आता पाठ झालेत. पटकथा इतकी पक्की बसलेली नाटकं संत एकनाथ रंगमंदिरातही क्वचित होतात, आणि ते आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आफ्रिका इतका वेळ गप्प होती. तिथं पॉलिटेक्निकच्या होस्टेलची तीन पोरं आणि पीरबाजारचे चाचा होते. चाचांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. “एक बात बोलूं? ये शहर को पानी किसने पिलाया पहले?”

“मलिक अंबरनं,” एक पोरगा म्हणाला.

“और मलिक अंबर कां का था?”

हॉल शांत झाला. मलिक अंबर हबशाण देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, विकत घेणाऱ्यांच्या हातून हातात फिरत दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्यानं खडकी, म्हणजे आमचंच शहर, वसवलं आणि थोड्याच वर्षांत नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या मार्गानं, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात यायचं. ना वीज, ना पंप.

“हबशी आदमी. अफ्रीका का,” चाचा म्हणाले. “चार सौ साल का बिल बाकी है एशिया पे. हिसाब करो.”

युरोपनं लगेच चक्रवाढ व्याज काढून द्यायची तयारी दाखवली. शेठ पहिल्यांदा उठून बसले. एवढी मोठी थकबाकी त्यांनीही कधी ऐकली नव्हती. “आणि काय हो चाचा, त्या नहराला मोटर लावायचे का लोक?” त्यांनी विचारलं. व्यावसायिक कुतूहल.

“मोटर?” चाचा म्हणाले. “मियाँ, उस वक्त शरम लगती थी, मोटर नक्को.”

मोटरचा विषय निघायला नको होता. आमच्या गल्लीत नळाला थेट मोटर लावू नये असा सर्वमान्य संकेत आहे आणि प्रत्येकाची मोटर त्या संकेताच्या मागं, जिन्याखाली, गोणपाटाखाली झाकलेली आहे. इंजिनिअर साहेब तळमजल्यावर राहतात. मघाशी नाशिक-नगरला धारेवर धरणारे हे साहेब. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाई, मावशींच्या पर्सशेजारी बसलेल्या, मान न वळवता म्हणाल्या, “वरचे खालच्यांना पाणी सोडत नाहीत म्हणता. आमच्याकडं उलटं आहे. खालचे वरच्यांना सोडत नाहीत.”

पाटबंधाऱ्याच्या भाषेत कालव्याच्या तोंडाशी असतो तो हेडचा शेतकरी आणि शेवटाला असतो तो टेलचा. हेडवाल्याकडं ऊस असतो, टेलवाल्याकडं अर्ज असतो. माझं निरीक्षण असं आहे, की महाराष्ट्रात स्वतःहून हेडचा म्हणवून घेणारा माणूस सापडत नाही. राहुरीचे भाऊ त्यांच्याही वरच्या गावांच्या मानानं टेलचे. आम्ही राहुरीच्या मानानं टेलचे. पैठणच्या डाव्या कालव्याच्या शेवटी जालना-परभणीकडं बसलेला शेतकरी आमच्या शहराच्या मानानं टेलचा, आणि त्याला आमच्या टाक्या दिसल्या तर तो जे बोलेल ते इथं छापता येणार नाही. साहेब मोठ्या जलवाहिनीच्या मानानं टेलचे आणि जोशीणबाईंच्या मानानं हेडचे. जोशीणबाईंच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची वस्ती त्याच्याही पुढं आहे, तिथं वाहिनीच नाही, शेठचा टँकर आहे. माझ्या मांडीखालीही तेच निघालं. अरल समुद्र एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होता. 1960 नंतर वरच्या अंगाला कापूस पिकवायचा म्हणून सोव्हिएत सरकारनं आमू आणि सीर या दोन्ही नद्या वळवल्या, आणि सरोवराच्या तळाशी बोटी वाळूत रुतून बसल्या. मी हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “म्हणजे तिकडंही राहुरी आहे.” भाऊ हसले. हसण्याशिवाय इलाज नव्हता, बहीण समोर होती.

चौथी फेरी संपली तेव्हा हिशेब लागला. आफ्रिकेचे दोघं आणि आशियाचे पाच जण रेषेच्या खाली. जग हरण्याच्या बेतात. वाईट याचंच वाटत होतं, की मॅडमनी सगळ्या ढिगांची बेरीज सुरुवातीलाच भिंतीवर लिहून ठेवली होती, आणि ती सगळ्यांना पुरून थोडी उरत होती.

तेव्हा इंजिनिअर साहेबांनी, जोशीणबाईंच्या बोलण्यानंतर प्रथमच, तोंड उघडलं. आवाज उतरला होता. “शेजपाळी लावू या.”

शेजपाळी म्हणजे आपल्याकडच्या कालव्यांवरची जुनी रीत. आलेल्या अर्जांची यादी करायची, प्रत्येकाची वेळ ठरवायची आणि पाणी द्यायची सुरुवात टेलपासून करायची. टेलचं भिजलं की त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, हेडवाला सर्वांत शेवटी. कागदावर हे इतकं शहाणपणाचं आहे की ते आपल्याच खात्यानं केलं यावर विश्वास बसत नाही. जमिनीवर रात्री दोन वाजता हेडचा माणूस कुलूप तोडून दार उचलतो, तो भाग वेगळा. पण सरांच्या हॉलमध्ये दार तोडायला कुणाला जागा नव्हती. सगळे सगळ्यांना दिसत होते.

साहेबांनी कागजीपुऱ्याच्या उरलेल्या कागदावर पाळीपत्रक आखलं. त्यांच्या हाताला त्यात जो आनंद होत होता तो निवृत्तीनंतर प्रथमच होत असावा. सगळ्यांत कमी चकत्या असलेला आधी उचलणार, मग त्याच्या वरचा. शेठनी कुरकुर केली, पण शेवटचा नंबर का होईना, लेखी मिळतोय म्हटल्यावर सही केली. साहेबांना आता हुरूप आला होता. पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं त्यांनी सांगितलं. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे तिथं राहिले, पाणी पंचायत काढली, आणि पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणसांच्या डोक्यांवर दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही.

“ऊस लावायचा नाही?” भाऊ दचकले. “मग गोड काय खायचं लोकांनी?”

पाचव्या फेरीला सगळे रेषेच्या वर आले. मावशींनी पर्समधल्या दोन चकत्या स्वतःहून काढून दिल्या, तिसरी राहिली. जग वाचलं. टाळ्या झाल्या, शेठनी दोन पोरांच्या पाठीवर थापा मारल्या, चाचांनी बिल माफ केलं. सरांनी घोषणा केली की आता मावा जिलेबी आहे, चोवीस नग.

खेळाडू वीस, सर आणि मॅडम दोन, ऑस्ट्रेलिया एक. तेवीस. कुणी तरी म्हणालं, वाटप पण शेजपाळीनंच करू, टेलपासून. पाच मिनिटांपूर्वी हेडला बसून नम्रपणे मागचा नंबर स्वीकारलेले भाऊ उठले आणि दाराजवळच्या चपलांपाशी जाऊन बसले. “मी टेल.” युरोपातले दोघं त्यांच्याही पलीकडं, जिन्यात. शेठना उठायला वेळ लागला, पण ते सरळ फाटकापाशी गेले आणि तिथून ओरडून आपलं मागासलेपण सांगू लागले. आशियातले अकरा जण गोधडी तुडवत एकमेकांच्या मागं लागले. हॉलच्या मध्यावर, जिलेबीच्या परातीला लागून, म्हणजे हेडला, एकट्या जोशीणबाई उभ्या राहिल्या. “मी रोज टेललाच असते,” त्या म्हणाल्या आणि हातानं दोन उचलल्या.

आता बावीस राहिल्या आणि खाणारेही बावीस. पण तळमजल्याच्या काकांनी परात मोजून पाहिली, तर एकवीस भरल्या. मावशींनी पर्स छातीशी धरली. साहेबांनी सुचवलं, की एक जिलेबी मृतसाठा म्हणून बाजूला ठेवावी आणि उरलेल्या विसांचं पाळीपत्रक करावं. भाऊंनी दारातून हरकत घेतली. साहेब कलम शोधू लागले. शेठनी फाटकातून मृतसाठ्याचा भाव विचारला.

तो ठरेपर्यंत ऑस्ट्रेलिया परातीत उतरला होता.